सतराने भाग जात नाही

वॉटफर्ड,
१२ फेब्रुवारी २००६

तीर्थस्वरूप नानामामांना,

सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार. तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झाल्याचं अजयने कळवलं. डाव्याचं कधी करताय? एका डोळ्याने जग स्वच्छ आणि दुसऱ्याने धूसर, असं फार दिवस ठेवू नका, माणूस सोयीचा डोळा वापरायला शिकतो. गुडघ्याला तेल लावताय का? (लावत नसणार. मामी होत्या तोवर त्या लावायच्या आणि तुम्ही पुस्तक वाचत पाय पुढे करायचात, हे मला माहीत आहे.) नागपूरला थंडी ओसरली असेल. इकडे ती ओसरत नाही, फक्त ओली होते. आमचं दोघांचं ठीक चाललंय. आमचे हे सप्टेंबरात रिटायर झाले. हॉस्पिटलात चाळीस माणसं त्यांना विचारल्याशिवाय हलत नव्हती. आता ते दिवसभर खिडकीशी उभे राहून कौन्सिलची गाडी कोणाचा कचरा उचलते आणि कोणाचा ठेवून जाते, याचा मला रिपोर्ट देतात. माझी लॅबमधली दोन वर्षं उरली आहेत आणि ती मी एक दिवसही कमी करणार नाही. कारण वर दिलंच आहे.

फोनवर बोलले असते, पण तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की पलीकडची म्हातारी भिंतीवर ठोकते. शिवाय हे पत्र तक्रारीचं आहे, आणि तक्रार कागदावर असलेली बरी. तक्रार तुमच्या संख्येविषयी आहे.

ऑक्टोबरात मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, एक ते सोळा या प्रत्येक आकड्याने निःशेष भाग जाईल अशी सगळ्यात लहान संख्या कोणती. तुम्ही का, कशाला, कोणासाठी असलं काही न विचारता अर्ध्या मिनिटात सांगितलंत : सात लाख वीस हजार सातशे वीस. वर, मी न विचारता, तिचं कौतुक सुरू केलंत. तिला दोनशे चाळीस विभाजक आहेत. सातशे वीसला एक हजार एकने गुणलं की ती येते, म्हणून ७२० शेजारी पुन्हा ७२० लिहिल्यासारखी दिसते. आणि एक हजार एक म्हणजे दुसरंतिसरं काही नसून सात गुणिले अकरा गुणिले तेरा. स्वतःच्या मुलाचं, म्हणजे अजयचं, इतकं कौतुक तुम्ही तो इंजिनिअर झाला तेव्हाही केलं नव्हतंत. मी 'बरं बरं' म्हणून आकडा उतरवून घेतला आणि फोन ठेवला. कशासाठी हवा ते तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मी सांगितलं नाही. आता सांगते. हातातला चहाचा कप खाली ठेवा. रामनाम लिहायला.

झालं, चेहरा बदलला असेल. उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर 'श्री' लिहिणाऱ्या मुलाचा तुम्ही अर्धा मार्क कापायचात, आणि मुख्याध्यापकांनी जाब विचारला तेव्हा, प्रश्नात जे विचारलेलं नाही ते लिहू नये, असं सांगून आलात, हे सगळ्या धंतोलीला ठाऊक आहे. तुमची भाची असून मी या भानगडीत पडले याचं तुम्हाला वाईट वाटेल. पण मामा, तुम्ही धंतोलीत राहता. तिथे तुम्हाला चार माणसं टाळता येतात, कारण पाचवा भेटतो. इथे माझ्याशी मराठीत भांडू शकतील अशी, आमचं धरून, सोळा घरं आहेत आणि ती सगळी मंडळात आहेत.

या मंडळाची रचना सांगते, म्हणजे पुढचं कळेल. निम्मी घरं आमच्यासारखी, सत्तर-ऐंशी सालात हॉस्पिटलच्या नोकऱ्यांवर आलेली. आम्ही अजून नागपूर, सांगली, गिरगाव जसं सोडलं तसंच आहे असं समजून बोलतो. उरलेली निम्मी पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली पोरं. ती दोन वर्षांच्या व्हिसावर येतात, येताना प्रेशर कुकर आणतात आणि जाताना तो पुढच्याला देऊन जातात. अध्यक्ष श्रीकांतराव. हाडांचे डॉक्टर. माणसाचं कुठलंही म्हणणं ते मोडकं हाड असल्यासारखं दोन्ही बाजूंनी दाबून बघतात आणि मग प्लास्टरमध्ये घालतात, म्हणजे सहा आठवडे त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या पत्नी शैलाताई. त्या अंकशास्त्र जाणतात. (तुमचं नव्हे. ज्यात सगळ्या आकड्यांची बेरीज करत करत एक आकडा उरवतात आणि मग त्याला घाबरतात, ते.) आणि सेक्रेटरी अनुप, पुण्याचा, वय चौतीस, ज्याला घरात दूध संपलं तरी त्याचा प्रोजेक्ट प्लॅन लागतो.

दोन हजार दोन साली या मंडळाने पहिल्यांदा सामुदायिक रामनाम लिहायचं ठरवलं. एक लाख. घरं तेव्हा चौदा. तुम्ही भागाकार केलाही असेल : प्रत्येकी सात हजार एकशे बेचाळीस आणि बाकी बारा. श्रीकांतरावांनी बाकी वाटून टाकली. बारा घरांनी एकेक राम जास्त लिहावा, दोन घरांनी नाही. चिठ्ठ्या टाकल्या. न लिहिणाऱ्या दोन घरांपैकी एक मुंबईला परत गेलं. दुसरं आमचं. त्यामुळे गेली तीन वर्षं या गावात एका रामाने कमी असं एकच घर आहे. हळदीकुंकू असो, कोजागिरी असो, शैलाताई गोड आवाजात म्हणणार, "तुमचा एक कमीच आहे ना गं, सुलक्षणा." मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजते आहे. एखादी इकडची तिकडे झाली म्हणून आजवर एकही पेशंट मला बोललेला नाही.

म्हणून या खेपेला मीच ठराव मांडला की कोणाचा एकही कमी किंवा जास्त होता कामा नये. तो एकमताने मंजूर झाला (या मंडळात दुसऱ्याला जास्त मिळू नये यावर कायम एकमत होतं). पण इथे घरं स्थिर नसतात. आज सोळा आहेत. उद्या एकाचा व्हिसा संपतो, दुसऱ्याची मेडनहेडला बदली होते, तिसरा भांडून जातो. रामनवमीपर्यंत कितीजण टिकतील कोणास ठाऊक. मग संख्याच अशी घ्यायची की सोळा राहोत, अकरा राहोत नाहीतर सात, भाग जायलाच हवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमचे मामा गणिताचे ना. म्हणून तो फोन.

तुमची संख्या घेऊन गेले तर काय स्वागत. अनुपने प्रोजेक्टर लावला, भिंतीवर एक्सेल उघडलं आणि एक ते सोळापर्यंत सोळा वेळा भागून दाखवलं. एकने भागतानासुद्धा तो थांबला आणि सगळ्यांकडे बघितलं. चाळीस मिनिटं गेली. शैलाताईंनी आकड्यांची बेरीज केली, अठरा आली, मग एक अधिक आठ नऊ, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं सुटलो. तेवढ्यात श्रीकांतरावांना आठवलं की माळ एकशे आठ मण्यांची असते. एकशे आठने भागलं तर जाईना. बाकी आली छत्तीस. ज्या मंडळात कुठल्याही दोन माणसांचं पटत नाही तिथे छत्तीसच उरायची, मला त्यात नवल वाटलं नाही, पण बाकीच्यांची तोंडं उतरली. दोनशे चाळीस विभाजकांत एकशे आठ नाही, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. (मी विचारलं नव्हतं, हे खरं.) अनुपने लगेच उपाय काढला, संख्या तिप्पट करा, एकवीस लाख बासष्ट हजार एकशे साठ, एकशे आठने भाग जातो. घरटी किती होतात ते त्याने भिंतीवर दाखवलं. मग श्रीकांतराव म्हणाले की माळ मुळात जपाला लागते, लेखनाला नव्हे. इतका वेळ हीच भक्ती एकशे आठवर अडून बसली होती.

दिवाळीच्या पाडव्याला संकल्प झाला. गुरुजी बर्मिंगहॅमहून स्पीकरफोनवर. सात लाख वीस हजार सातशे वीस संस्कृतात म्हणताना ते दोनदा घसरले आणि तिसऱ्यांदा आम्ही सगळ्यांनी घाईघाईने पाणी सोडलं. घरटी पंचेचाळीस हजार पंचेचाळीस. रोज साधारण दोनशे नव्वद. पूर्ण झालेल्या वह्या रामनवमीला बसवायच्या रामाच्या मूर्तीखालच्या चौथऱ्यात ठेवायच्या, आणि संख्या अपुरी राहिली तर ठेवायच्या नाहीत, असंही ठरलं. पुण्याहून चौकटी छापलेल्या वह्या आल्या. तेव्हापासून दर रविवारी अनुपची ईमेल येते, कोण हिरव्यात, कोण पिवळ्यात, कोण लाल रंगात. हा अनुप स्वतः डिसेंबरात लाल झाला. मग त्याने काय केलं असेल? एक पान नीट लिहिलं आणि ऑफिसच्या मशिनवर त्याच्या चाळीस प्रती काढल्या. झेरॉक्समधला राम हा राम आहे का, यावर कमिटीने सव्वा तास चर्चा केली. निर्णय असा झाला की मोजण्यापुरता तो राम नाही, पण टाकून देण्यापुरता आहे. त्यामुळे ती चाळीस पानं आता श्रीकांतरावांकडे बॉयलरच्या वरच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली, उबेला ठेवलेली आहेत.

मी मात्र रोज लॅबमधून आले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते आणि दोनशे नव्वद लिहून उठते. त्यात भक्ती किती ते विचारू नका. गॅसवर वरण, समोर वही, खिडकीतून यांचा कचऱ्याचा रिपोर्ट. पण हात चालू असला की डोकं गप्प बसतं, एवढा अनुभव आहे.

आता नीनाचं. तुम्ही दर पत्रात शेवटी 'नीना कशी आहे' असं विचारता आणि मी दर उत्तरात त्या ओळीवरून पुढे जाते, हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी समजत नाही. अडीच वर्षांपूर्वी तिने कार्डिफच्या रजिस्टर ऑफिसात गॅरेथशी लग्न केलं आणि आम्हाला मागाहून कळवलं. दोन ओळींची ईमेल आणि एक फोटो. फोटोत तिच्या केसांत एक फूल आहे आणि आजूबाजूला सगळी वेल्श माणसं आहेत. एकुलती एक मुलगी. तो वेल्श आहे याचं मला काही नाही (होतं, आता नाही). पण आईला शेजारी उभं करावंसं वाटलं नाही, याचं आहे. मी बोलणं बंद केलं. हे रविवारी तिच्याशी बोलतात, बागेतल्या शेडमध्ये जाऊन, आणि परत आल्यावर खुरपं शोधत होतो असं सांगतात. फेब्रुवारीतही. डिसेंबरात गॅरेथला इथल्याच प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि दोघं वॉटफर्डला आली. स्टेशनच्या मागे फ्लॅट आहे. आमच्याकडून बसने अकरा मिनिटं. मी गेलेले नाही, मिनिटं यांनी मोजलेली आहेत.

पंधरा जानेवारीला संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही स्काउट्सचा हॉल भाड्याने घेतो. भिंतीवर गाठी मारण्याचे तक्ते आणि खाली आम्ही काळ्या साड्यांत. दार उघडलं आणि नीना आत आली, मागून गॅरेथ. तिने काळी साडी नेसली होती आणि पदराला इतक्या पिना लावल्या होत्या की विमानतळावर तिला अडवलं असतं. सरळ अनुपच्या टेबलाशी गेली. "अनुपदादा, मला पण एक वही द्या. माझा अक्षर चांगली आहे. गॅरेथ पण शिकला, तो पण लिहिणार." आणि त्या गॅरेथने खिशातून घडी घातलेला कागद काढून उलगडला. पानभर राम. शिरोरेघा फूटपट्टीने मारलेल्या, प्रत्येक काना एकाच उंचीचा. पहिलीच्या वर्गाला शिकवतो, त्याला ठाऊक आहे अक्षर कसं गिरवायचं ते. आमच्या श्रीकांतरावांचे राम बघितलेत तर प्रिस्क्रिप्शन समजून केमिस्टकडे न्याल.

आणि तेव्हा कोणीतरी म्हणालं, पण सतराने भाग जात नाही.

मामा, मी या मंडळात सव्वीस वर्षं आहे, पण सगळ्यांच्या जिवात एकदम असा जीव आलेला मी कधी बघितला नव्हता. तोवर प्रत्येकजण मनातल्या मनात विचारत होता. हिला घर म्हणायचं का? गॅरेथचं गोत्र कोणतं? सुलक्षणाला काय वाटेल? यातलं एकही तोंडाने बोलायची कोणाची छाती नव्हती, कारण आम्ही सुशिक्षित आहोत. आणि आता बोलायची गरजच उरली नाही. आमची काही हरकत नाही हो, संख्येची हरकत आहे. श्रीकांतराव इतक्या प्रेमाने म्हणाले की नीनाला क्षणभर तो सत्कारच वाटला असावा. शैलाताईंनी तिला तिळगूळ जास्त दिला. अनुपने लॅपटॉप उघडेपर्यंत बाकी किती ते कळलेलंही होतं. सतरा घरांना प्रत्येकी बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव, आणि उरतात पाच.

पुढच्या शनिवारी कमिटी बसली. पाच रामांवर अडीच तास. ते पाच अध्यक्षांच्या घराने मानाचे म्हणून लिहावेत, असं शैलाताईंचं म्हणणं. मग त्यांचे पाच जास्त होतात, त्याला पंधरा घरांचा विरोध. पाच गाळून टाकावेत तर संकल्प मोडतो. बारा वाढवावेत, म्हणजे सात लाख वीस हजार सातशे बत्तीसला सतराने भाग जातो, तर पाणी सोडलंय ते वेगळ्या आकड्यावर. शिवाय शैलाताईंनी बेरीज केली, ती तीन आली, आणि त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग अनुपने रात्रभर कॉम्प्युटर चालवून शोधलेला तोडगा मांडला. एक ते सतरा सगळ्यांनी भाग जाईल अशी संख्या घ्या : एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस. घरटी किती, असं मी विचारलं. सात लाख वीस हजार सातशे वीस, तो आनंदाने म्हणाला. म्हणजे सगळ्यांनी मिळून जेवढं लिहायचं होतं तेवढं आता प्रत्येकाने एकट्याने लिहायचं. रोज दोनशे नव्वदने सहा वर्षं दहा महिने. त्याचा स्वतःचा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो.

शेवटी श्रीकांतरावांनी मोठ्या मनाने सुचवलं की नीनाला वेगळं घर धरूच नये, ती तुमचीच मुलगी, तुमच्या पंचेचाळीस हजारांतलेच तिला थोडे द्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लग्न झालेली मुलगी माहेरच्या घरात मोजतात का, असं एकाने विचारलं. पण कन्यादानच झालेलं नाही तर ती गेली कुठे, असं दुसऱ्याने. माझ्या मुलीला कुठल्या रकान्यात टाकायचं ते ही मंडळी माझ्यासमोर ठरवत होती, आणि मी चहाचे कप गोळा करत होते. तिने स्वतःच्या घराची वही मागितली होती, आईच्या वहीतला कोपरा नव्हे, एवढं साधं वाक्य मला तिथे बोलता आलं नाही. निर्णय सव्वीस तारखेच्या बैठकीवर ढकलला आहे. तोवर तोडगा निघाला नाही तर तिला 'या वर्षी शक्य नाही' अशी ईमेल जाणार. अनुपने मजकूर तयारही केलाय. त्यात 'दुर्दैवाने' हा शब्द तीनदा आहे. ती ईमेल गेली की नीना या मंडळात पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि मग आमच्या दोघींना एका छताखाली आणेल असं या गावात दुसरं काही नाही.

तर मामा, संख्या तुम्ही दिलीत, तुम्हीच निस्तरा. तुम्ही काय लिहाल ते मी इथूनच सांगते. सतरा ही मूळसंख्या आहे, ती या संख्येच्या अवयवांत नाही, सबब सूर्य पश्चिमेला उगवला तरी भाग जाणार नाही. मला माहीत आहे. नववीत तुमच्याच हाताखाली शिकले आणि तुमच्याच हातच्या छड्या खाल्ल्या. पण सोळापर्यंत सगळ्यांना सामावून घ्यायचं, सातालाही, अकरालाही, तेरालाही, आणि सतराव्याला दारात उभं ठेवायचं, असल्या संख्येचं कौतुक तुम्ही पुन्हा माझ्याकडे करू नका.

अजय, मनीषा आणि मुलांना आशीर्वाद. डाव्या डोळ्याचं मनावर घ्या. हे नमस्कार सांगतात आणि पंधरा नंबरवाल्यांची कचऱ्याची पेटी आज पुन्हा ठेवून गेले असंही सांगतात.

तुमची,
सुलू

ता. क. १ : सोबत वहीचं एक कोरं पान जोडलं आहे. वरच्या पाच चौकटी सोडून बाकीच्यांवर मी काट मारली आहे. त्या पाच चौकटींत तुम्ही तुमच्या हाताने पाच वेळा राम लिहून पान उलट टपाली पाठवा, स्पीड पोस्टने, म्हणजे सव्वीसच्या आत मिळेल. मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. सतरा घरं समान लिहितील, आणि उरलेले पाच अशा माणसाने लिहायचे जो कुठल्याच घरातला नाही, ज्याला पुण्य नको आहे, आणि ज्याला ते चुकून मिळालं तरी तो परत करील. असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. शैलाताईंना तुमच्याविषयी बोलायला जागा राहणार नाही, कारण तुम्ही पाचांनी पुढे गेलात असं त्या कुठल्या हळदीकुंकवात सांगणार? तुम्ही आयुष्यात देवाचं नाव लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. ते देवासाठी लिहू नका. उन्हाळ्याच्या सुटीत इथून नागपूरला आली की दुपारभर तुमच्यासमोर बसून पाढे म्हणणाऱ्या मुलीसाठी लिहा.

ता. क. २ : नीनाला सव्वीसला वही मिळाली तर रामनवमीपर्यंत एकोणचाळीस दिवस उरतात. रोज जवळजवळ अकराशे. दोघांनी वाटून घेतले तरी प्रत्येकी साडेपाचशेच्या घरात. होतील. हट्टी आहे, कोणावर गेली ते तुम्हाला माहीत आहे. श्रीकांतरावांनी हरकत घेतलीच तर त्यांच्या कपाटातल्या चाळीस पानांविषयी मी बर्मिंगहॅमच्या गुरुजींचं मत मागवणार आहे, असं मी त्यांना आजच कळवलं आहे.

ता. क. ३ : वर मी 'कोणीतरी म्हणालं' असं लिहिलंय. ती मी. सतराने भाग जात नाही, असं मीच म्हणाले. बाकीचे अजून विचार करत होते. तिने हातातला कोटही अजून टांगला नव्हता. तुमचा आकडा मला पाठ होता, आणि ती एवढ्या सहज आत आली म्हणून मला राग आला होता. सगळ्या मंडळाला मी वर जे जे बोलले ते त्यांना लागू आहेच, पण दार मी लावलं, त्यांनी फक्त कडी घातली. नीनाने माझ्याकडे बघितलं. मग वर बघून तिचे ओठ जरा हलले आणि अनुपचा लॅपटॉप सुरू व्हायच्या आत ती म्हणाली, "पाच उरतात, आई." स्वच्छ मराठीत, एकही चूक नाही. अडीच वर्षांनी तिच्या तोंडून आई ऐकलं, आणि मी करंडा घेऊन पुढच्या बाईला कुंकू लावायला वळले.

त्याला आज चार आठवडे झाले. मला तिला उत्तर द्यायचं आहे. पान लवकर पाठवा.